स्पीडवेच्या जागतिक मालिकेत जागा कोणाला मिळावी?

ऑक्टोबर २०२४ मध्ये चेक प्रजासत्ताकातल्या पार्दुबित्से शहरात ब्रेडी कर्ट्झ या ऑस्ट्रेलियन रायडरने एक स्पर्धा जिंकली. ग्रां प्री चॅलेंज हे तिचं नाव. ती जिंकून कोणी जगज्जेता होत नाही. पहिल्या काही जणांना पुढच्या वर्षीच्या जागतिक मालिकेत, म्हणजे स्पीडवे ग्रां प्रीमध्ये, उतरायला मिळतं, एवढंच. पुढच्या वर्षी याच कर्ट्झने मालिकेतल्या शेवटच्या पाच फेऱ्या ओळीने जिंकल्या. पोलंडच्या बार्तोश झ्मार्झ्लिकने विजेतेपद राखलं ते फक्त एका गुणाने. पूर्ण हंगाम खेळायचं कर्ट्झचं ते पहिलंच वर्ष होतं.

पार्दुबित्सेच्या त्या संध्याकाळी त्याच्या मोटारसायकलची साखळी तुटली असती, तर कदाचित हे काहीच घडलं नसतं. स्पीडवेत साखळी तुटणं, इंजिन बंद पडणं, दुसऱ्याच्या पडण्यात आपण सापडणं हे नेहमीचं आहे. म्हणून जगातल्या सर्वोत्तम पंधरा-सोळा रायडरांमध्ये कोणाला बसवायचं आणि कोणत्या पुराव्यावर, हा प्रश्न या खेळात फार महत्त्वाचा ठरतो. आज त्याचं जे उत्तर दिलं जातं ते मला अर्धंच पटतं. का, ते समजण्यासाठी आधी खेळ कसा चालतो ते पाहू, कारण पात्रतेचे सगळे वाद शेवटी त्याच्या गुणपद्धतीशी येऊन थांबतात.

एक मिनिटाची शर्यत

आपल्याकडे मोटोक्रॉस आणि रॅली माहीत असते, स्पीडवे फारसा कोणी पाहिलेला नसतो. लंबगोल मातीचा ट्रॅक, एका वेळी चार रायडर, घड्याळाच्या उलट दिशेने चार फेऱ्या. शर्यत साधारण एका मिनिटात संपते. तिला हीट म्हणतात. मोटारसायकल ५०० सीसीची, एक सिलिंडरची, मिथेनॉलवर चालणारी. गिअर एकच आणि ब्रेक अजिबात नाही. वळणावर रायडर मागचं चाक मुद्दाम बाहेर सरकवतो, पुढचं चाक उलट दिशेला वळवतो आणि डावा पाय जमिनीलगत ठेवून घसरतच वळण काढतो.

सुरुवातीला चौघांसमोर आडव्या टेप ताणलेल्या असतात. त्या वर उडाल्या की क्लच सोडायचा. पहिल्या वळणावर जो पुढे, त्याला मागे टाकणं अवघड, कारण पाठीमागच्यांच्या अंगावर माती उडत राहते आणि आतली वाट अडलेली असते. म्हणून आपण कोणत्या गेटवरून, म्हणजे सुरुवातीच्या रेषेवरच्या चारपैकी कोणत्या जागेवरून, सुटतो याला मोलाचं महत्त्व असतं. पहिल्याला ३ गुण, दुसऱ्याला २, तिसऱ्याला १, चौथ्याला शून्य. टेप उडण्याआधी तिला धडकलात तर त्या हीटमधून बाद. तुमच्यामुळे शर्यत थांबवावी लागली तरी बाद, आणि उरलेल्यांची शर्यत पुन्हा होते.

आता यातला सगळ्यात सुंदर भाग. वैयक्तिक स्पर्धेत १६ रायडर आणि २० हीट असतात, प्रत्येकाच्या वाट्याला पाच. एका हीटमध्ये तुमच्यासमोर तीन प्रतिस्पर्धी, म्हणजे पाच हीटमध्ये पंधरा. तक्ता असा मांडलेला असतो की हे पंधरा जण वेगवेगळेच येतात. मैदानातला प्रत्येक रायडर दुसऱ्या प्रत्येकाशी बरोबर एकदाच भिडतो. पडताळून पाहा: सोळा जणांच्या जोड्या होतात १२०, एका हीटमध्ये सहा जोड्या, वीस हीटमध्ये १२०. एकही जोडी उरत नाही, एकही दोनदा येत नाही.

गुणांचा अर्थही यातूनच उघड होतो. पहिला आलात म्हणजे तिघांना हरवलंत, ३ गुण. दुसरा आलात म्हणजे दोघांना, २ गुण. तेव्हा एखाद्याचे स्पर्धेअखेर ११ गुण झाले, तर त्याचा अर्थ त्याने पंधरापैकी अकरा जणांना मागे टाकलं. सरासरी गुण साडेसात येतात. इतका स्वच्छ आणि सगळ्यांना समान संधी देणारा आराखडा फार थोड्या खेळांना लाभला आहे. टेनिसच्या बाद फेरीत चांगला खेळाडू पहिल्याच दिवशी अव्वल मानांकितासमोर पडू शकतो. इथे तसं होत नाही. सगळे सगळ्यांना भेटतात.

कमतरता एकाच ठिकाणी आहे. प्रत्येकाशी भेट एकदाच होते आणि ती तीन-तीनच्या गठ्ठ्याने होते. एका हीटमध्ये इंजिन बंद पडलं, की तुम्ही एकदम तिघांकडून हरता आणि ते तिघे पुन्हा तुम्हाला भेटत नाहीत. पाचपैकी चार हीट जिंकलेला रायडर १२ वर थांबतो. त्याशिवाय पाच हीट आणि चार गेट, त्यामुळे प्रत्येकाला एक गेट दोनदा येतं. त्या दिवशी आतलं गेट चांगलं असेल आणि तेच तुम्हाला दोनदा आलं, तर तो निव्वळ सोडतीचा फायदा. पंधरा गुणांच्या मोजपट्टीवर हे छोटे धक्के मोठे वाटतात. चॅलेंजसारख्या स्पर्धेत शेवटची पात्र जागा आणि तिच्या खालची जागा यांत पुष्कळदा एका गुणाचाच फरक असतो.

जगज्जेता एका रात्रीत ठरायचा तेव्हा

पहिली जागतिक अंतिम स्पर्धा १९३६ साली लंडनच्या वेम्बली स्टेडियमवर झाली. त्या रात्री ऑस्ट्रेलियाचा ब्लूई विल्किन्सन पाचही हीट जिंकला, एकदाही कोणाच्या मागे राहिला नाही, आणि तरी तिसरा आला. कारण पात्रता फेऱ्यांमध्ये मिळवलेले बोनस गुण अंतिम स्पर्धेच्या गुणांत धरले जात. लायोनेल व्हॅन प्राग आणि एरिक लँग्टन यांची बेरीज सारखी झाली, दोघांत आणखी एक शर्यत लावली गेली आणि व्हॅन प्राग पहिला जगज्जेता झाला. विल्किन्सनला विजेतेपद मिळालं ते १९३८ साली. युद्धानंतर १९४९ मध्ये स्पर्धा पुन्हा सुरू झाली तेव्हा बोनस गुणांची पद्धत गेलेली होती.

मला १९३६ चा हा प्रसंग फार बोलका वाटतो. त्या वेळच्या आयोजकांना एक गोष्ट कळली होती: एका रात्रीचा निकाल अपुरा असतो, वर्षभराची कामगिरीही कुठेतरी धरली पाहिजे. त्यांनी ती चुकीच्या ठिकाणी धरली. अंतिम रात्री मैदानात सगळ्यांना हरवणाऱ्याला, तू मागे होतास असं कागदावर सांगणं प्रेक्षकांना पटणं शक्य नव्हतं. पण शंका खरी होती आणि पुढची जवळजवळ साठ वर्षं ती तशीच राहिली.

१९९४ पर्यंत जगज्जेता एकाच अंतिम स्पर्धेत ठरत असे. तिथवर पोचायची वाटही लांब होती. ब्रिटिश, नॉर्डिक, कॉन्टिनेंटल, ओव्हरसीज, इंटरकॉन्टिनेंटल अशा नावांच्या फेऱ्या, आणि प्रत्येक फेरीत एक संध्याकाळ, पाच हीट. एका पायरीवर घसरलात की पुढच्या वर्षापर्यंत घरी. १९७३ साली पोलंडमधल्या खोझूफ इथे प्रचंड गर्दीसमोर घरचा रायडर येर्झी श्चाकिएल आणि तोवर चार वेळा जगज्जेता झालेला न्यूझीलंडचा आयव्हन मॉगर यांचे सारखे १३ गुण झाले. निर्णायक शर्यतीत मॉगर पडला आणि श्चाकिएल जगज्जेता झाला. पोलंडचा तो पहिला वैयक्तिक विजेता. त्याच्या विजयात खोट काढायचं काहीच कारण नाही, नियम सगळ्यांना सारखेच होते. पण वर्षातला सर्वोत्तम रायडर कोण, याचं उत्तर एका वळणावरच्या एका पडण्याने ठरावं का, हा प्रश्न अशा प्रत्येक रात्रीनंतर पुन्हा विचारला जाई. १९९४ ची शेवटची एकदिवसीय अंतिम स्पर्धा डेन्मार्कमधल्या व्होयेन्स इथे झाली, तीसुद्धा तिघांच्या बरोबरीत सुटली. स्वीडनचा टोनी रिकार्डसन निर्णायक शर्यतीत जिंकला.

पुढच्याच वर्षी, १९९५ मध्ये, ग्रां प्री मालिका सुरू झाली. पहिली फेरी पोलंडमधल्या व्रोत्सवाफला झाली, ती टोमाश गोलोबने जिंकली. त्या हंगामात सहा फेऱ्या होत्या आणि गुणांची बेरीज करून डेन्मार्कचा हान्स नील्सन जगज्जेता झाला. आता एका रात्रीच्या अपघाताने कोणी जगज्जेतेपद गमावत नाही, एक रात्र वाईट गेली तरी उरलेल्या रात्री हातात असतात. बेरजेची ताकद किती, हे २००० साली ब्रिटनच्या मार्क लोरॅमने दाखवलं. त्या वर्षी त्याने एकही ग्रां प्री जिंकली नाही, पण सातत्याने वरच्या जागा मिळवत तो जगज्जेता झाला.

म्हणजे विजेता निवडण्यापुरता या खेळाने धडा घेतला. प्रवेशाच्या दारावर मात्र तो लावला नाही, आणि माझा मुख्य आक्षेप इथे आहे. मालिका ज्या कारणासाठी जन्माला आली, ते कारण मालिकेत नव्याने येणाऱ्या माणसाच्या बाबतीत कोणी विचारात घेतलं नाही. त्याचं भवितव्य आजही एका संध्याकाळच्या पाच हीटमध्ये ठरतं.

आजची दारं

प्रत्येक ग्रां प्रीला १६ रायडर असतात. त्यातले १५ कायमचे, म्हणजे हंगामभर सगळ्या फेऱ्या खेळणारे. सोळावी जागा त्या फेरीपुरती असते आणि ती बहुधा यजमान देशाच्या रायडरला जाते. शिवाय दोन राखीव रायडर तयार ठेवलेले असतात.

कायमच्या पंधरा जागांना अनेक दारं आहेत. मागच्या हंगामातले पहिले सहा-सात आपोआप राहतात. पूर्वी पहिले आठ राहत, नंतर आकडा कमी झाला. तीन किंवा चार जागा चॅलेंजमधून भरतात, हा आकडाही वर्षानुसार बदलत आला आहे. अलीकडच्या वर्षांत युरोपीय विजेत्यालाही जागा मिळू लागली. रॉबर्ट लॅम्बर्ट २०२० चा युरोपीय विजेता म्हणून २०२१ च्या मालिकेत आला. उरलेल्या जागा आयोजक आणि आंतरराष्ट्रीय मोटारसायकल महासंघ, म्हणजे एफआयएम, निवडीने भरतात. त्यांना हंगामभराचं वाइल्ड कार्ड म्हणता येईल.

चॅलेंजपर्यंतची वाट अशी. प्रत्येक देशाच्या संघटनेला पात्रता फेऱ्यांत ठरावीक जागा मिळतात. त्यासाठी देशांतर्गत निवड होते. पोलंडमध्ये ‘झ्वोती कास्क’, म्हणजे सोन्याचं हेल्मेट, ही जुनी स्पर्धा त्यासाठी वापरली जाते. तिथून युरोपातल्या तीन-चार ठिकाणी पात्रता फेऱ्या, आणि त्यातले सोळा जण चॅलेंजला. महाराष्ट्र केसरीसाठी मल्ल आधी जिल्ह्याच्या निवड चाचणीतून जातो, तसंच हे. आणि ज्या जिल्ह्यात तगडे मल्ल जास्त, तिथली निवडच सगळ्यात कठीण, हेही तसंच. पोलंडचा सातवा-आठवा रायडर दुसऱ्या एखाद्या देशाच्या पहिल्या रायडरपेक्षा सरस असू शकतो, पण त्याला चॅलेंजचा ट्रॅकही दिसत नाही.

हे अन्यायाचं वाटेल, पण या एका बाबतीत मी सध्याच्या पद्धतीच्या बाजूने आहे. जागतिक स्पर्धा म्हणायचं तर जगाला दार हवं. देशांचे कोटे काढून केवळ क्रमवारीने सोळा जण घेतले, तर पोलंड, ऑस्ट्रेलिया, ब्रिटन, डेन्मार्क, स्वीडन इथेच यादी संपून जाईल. जर्मनी, चेक प्रजासत्ताक, लॅटव्हिया, स्लोव्हाकिया इथल्या मुलांना मोटारसायकल हाती घ्यायचं कारणच उरणार नाही. जर्मनीचा मार्टिन स्मोलिन्स्की २०१४ च्या मालिकेत पात्रतेच्या वाटेने आला आणि न्यूझीलंडमधली पहिलीच फेरी जिंकला. कोटा ठेवायचा तो खालच्या पायरीवर, जिथे संधी वाटायची असते. वरच्या पायरीवर फक्त गुण बोलावेत. आजची रचना ढोबळमानाने तशीच आहे आणि ती तशीच राहावी.

मधल्या काळात एक वेगळा प्रयोगही झाला होता. १९९८ ते २००४ या वर्षांत प्रत्येक ग्रां प्रीला २४ रायडर असत आणि बाद पद्धत होती. दार रुंद झालं, पण आत आलेला माणूस दोन वाईट हीटनंतर घरी जायचा. सगळे सगळ्यांना भेटतात हा खेळाचा प्राणच त्यात हरवला. २००५ पासून पुन्हा सोळा जण आणि वीस हीट आल्या, ते योग्यच झालं. जागा वाढवून पात्रतेचा प्रश्न सुटत नाही.

वाइल्ड कार्डचा प्रश्न

आता सगळ्यात वादाचं दार. निवडीने जागा द्यावी का?

पटकन ‘नाही’ म्हणावंसं वाटतं. घाम गाळून चॅलेंजमध्ये पाचवा आलेला रायडर घरी बसतो, आणि मालिकेत खाली राहिलेल्या, पण टीव्हीला ओळखीच्या असलेल्या रायडरला फोन जातो. हे पाहताना वाईट वाटतं. २०२२ पासून मालिकेचे हक्क डिस्कव्हरीकडे आले. प्रक्षेपण विकणाऱ्याला अमुक देशाचा चेहरा हवा असणार, हे समजण्यासारखं आहे. पण त्याचं ओझं रायडरच्या गुणांवर पडू नये.

तरीही पूर्ण ‘नाही’ म्हणण्याआधी २०१३ आठवावं लागतं. ब्रिटनचा ताय वॉफिंडन त्या वर्षी निवडीच्याच जागेवर मालिकेत आला. आधी २०१० मध्ये तो पूर्ण हंगाम खेळला होता आणि तळाच्या भागात राहिला होता. २०१३ मध्ये तो थेट जगज्जेता झाला, पुढे २०१५ आणि २०१८ मध्येही. निवडीचं दार तेव्हा बंद असतं, तर निदान त्या वर्षीचं विजेतेपद त्याच्या नावावर लागलं नसतं. आज सहा वेळा जगज्जेता असलेला झ्मार्झ्लिकसुद्धा पहिली ग्रां प्री जिंकला ती २०१४ साली गोझूफमध्ये, आपल्या घरच्या ट्रॅकवर, फेरीपुरत्या वाइल्ड कार्डवर. तो तेव्हा १९ वर्षांचा होता.

दुखापतीचं कारण तर त्याहून भक्कम आहे. २०१६ मध्ये ऑस्ट्रेलियाचा जेसन डॉइल मालिकेत आघाडीवर होता. तोरुनच्या फेरीत तो जबर जखमी झाला, मेलबर्नची शेवटची फेरी हुकली आणि तो पाचव्या स्थानावर घसरला. विजेतेपद अमेरिकेच्या ग्रेग हॅनकॉकला मिळालं. डॉइलने आधीच इतके गुण जमवले होते की पुढच्या वर्षीची जागा त्याला आपोआप मिळाली, आणि २०१७ मध्ये तो जगज्जेता झाला. पण तोच अपघात हंगामाच्या दुसऱ्या फेरीत झाला असता तर? मालिकेतली जागा गेली असती आणि पाय प्लास्टरमध्ये असताना चॅलेंजही खेळता आलं नसतं. ब्रेक नसलेल्या मोटारसायकलींच्या खेळात अशा माणसासाठी एक दार उघडं ठेवणं हे मी कर्तव्य मानतो.

म्हणून माझं म्हणणं असं की निवडीच्या जागा दोनपेक्षा जास्त नसाव्यात आणि कोणत्या कारणासाठी त्या दिल्या जातील हे हंगाम सुरू होण्याआधी लिहून जाहीर केलेलं असावं. पहिला हक्क दुखापतीमुळे निम्म्याहून अधिक फेऱ्या हुकलेल्या रायडरचा. असा कोणी नसेल, तर ज्याला मालिकेत यायचं होतं पण थोडक्यात राहिलं, त्याच्या लीगमधल्या कामगिरीचा विचार व्हावा. एक्स्ट्रालिगा या पोलंडच्या अव्वल क्लब लीगमध्ये जगातले बहुतेक अव्वल रायडर दर आठवड्याला एकमेकांशी भिडतात. त्या लीगमधली सरासरी हा हंगामभराचा पुरावा आहे, तो आज पात्रतेत कुठेच मोजला जात नाही. देशाचा झेंडा आणि प्रक्षेपणाची सोय यांच्यासाठी प्रत्येक फेरीची सोळावी जागा आहेच. तिथे यजमानाने आपला तरुण रायडर आणावा, झ्मार्झ्लिकला आणला तसा.

आपोआप राहणारे किती?

मालिकेतले पहिले काही जण टिकतात याला माझा आक्षेप नाही. दहाएक फेऱ्यांचा निकाल हा या खेळातला सगळ्यात जड पुरावा आहे आणि तो फेकून देणं वेडेपणाचं होईल. पण आठ जागा राखून ठेवल्या की अर्ध्याहून जास्त मालिका आधीच भरलेली असते. त्यात निवडीच्या चार-पाच जागा मिळवल्या, तर धावून मिळवायच्या जागा चिमूटभर उरतात. कोणी म्हणेल, मालिकेत आठवा आलेला रायडर चॅलेंजमधल्या चौथ्यापेक्षा चांगलाच असणार. असेलही. पण त्याला वर्षभर सर्वोत्तम लोकांविरुद्ध स्वतःला सिद्ध करायची संधी मिळालेली आहे, दुसऱ्याला एकदाही नाही. शिवाय आठव्याला चॅलेंजचा रस्ता मोकळाच असतो. तो खरोखर सरस असेल तर तिथून परत येईल. सहाचा आकडा मला योग्य वाटतो.

टिकलेला रायडर चॅलेंजमध्येही खेळला आणि तिथेही वर आला, तर त्याची दुसरी जागा चॅलेंजमधल्या पुढच्या रायडरला गेली पाहिजे. ती निवड समितीच्या झोळीत जाता कामा नये. हा बारीक नियम वाटतो, पण कोणाचं तरी वर्ष त्यावर अवलंबून असतं.

दोन संध्याकाळी

आता मूळ मुद्दा. चॅलेंज एका रात्रीऐवजी दोन रात्रींचं असावं आणि त्यातून सहा जागा द्याव्यात.

मघाचा हिशोब पुन्हा लावू. एका रात्रीत पंधरा भेटी होतात. एका बिघडलेल्या हीटमध्ये त्यातल्या तीन, म्हणजे पाचवा हिस्सा जातो. दोन रात्रींत त्याच सोळा जणांच्या तीस भेटी होतील, तेव्हा तीच चूक दहाव्या हिश्शाची ठरेल. दुसऱ्या रात्री तक्ता असा मांडता येतो की कोणालाही तेच गेट पुन्हा दोनदा येऊ नये. सोडतीचा फायदाही त्यामुळे बराचसा फिटून जातो.

दुसरा लाभ ट्रॅकचा. अलीकडची चॅलेंज स्पर्धा ग्लासगो, स्वीडनमधलं यिस्लावेद, पार्दुबित्से अशा ठिकाणी फिरत आली आहे. प्रत्येक ट्रॅकचा स्वभाव वेगळा असतो. आखूड ट्रॅकवर सुरुवात आणि अंगचपळाई चालते, लांब ट्रॅकवर इंजिन आणि बाहेरची वाट धरण्याचं धाडस. एकाच ट्रॅकवर निवड केली की त्या ट्रॅकला साजेसे रायडर वर येतात. मालिका मात्र सगळीकडे धावते, कार्डिफ किंवा वॉर्सासारख्या मोठ्या स्टेडियममध्ये खास टाकलेल्या तात्पुरत्या ट्रॅकवरसुद्धा ती धावली आहे. एक रात्र आखूड ट्रॅकवर, दुसरी लांब ट्रॅकवर, म्हणजे दोन्ही जमणारा माणूस निवडला जाईल. आणि दोन्हीपैकी एकही ठिकाण चॅलेंजमधल्या कोणा रायडरच्या क्लबचं नसावं.

यावर येणारी अडचण मला मान्य आहे. पोलंड, स्वीडन, डेन्मार्क आणि ब्रिटन इथल्या लीगमुळे एप्रिल ते ऑक्टोबर दिनदर्शिका खचाखच भरलेली असते. रायडरचं पोट लीगवर चालतं. इंजिनं, मेकॅनिक, व्हॅनचं डिझेल हे बहुतेक सगळं त्याच्याच खिशातून जातं. त्याला आणखी एक रात्र मागणं म्हणजे खर्च वाढवणं. पण वाढते ती एकच रात्र, आणि तीही सोळाच जणांसाठी. सलग शनिवार-रविवारी, जवळच्या दोन ट्रॅकवर घेतली तर प्रवासही एकच. त्याबदल्यात आज तीन-चार जागांसाठी झगडणाऱ्यांना सहा मिळतील. सोळा जणांतल्या कोणालाही विचारलं तर तो हा सौदा घेईल, असं मला वाटतं.

सहा टिकलेले, सहा चॅलेंजचे, एक युरोपीय विजेता, दोन निवडीचे. पंधरा पूर्ण. युरोपीय विजेत्याची जागा ठेवायला माझी हरकत नाही, कारण ती स्पर्धाही अनेक फेऱ्यांची असते, एका रात्रीची नाही. मात्र ऑस्ट्रेलियन, ब्राझिलियन किंवा अमेरिकन रायडरला ते दार बंद आहे, म्हणून ती जागा एकच असावी.

एक गोष्ट कोणत्याही तक्त्यात बसत नाही. मार्च २०२२ मध्ये एफआयएमने रशिया आणि बेलारूसच्या रायडरांवर बंदी घातली. २०२१ चा जगज्जेता आर्तेम लागुता आणि त्याच वर्षी तिसरा आलेला एमिल सायफुत्दिनोव दोघेही मालिकेबाहेर गेले. तो निर्णय युद्धाच्या संदर्भात घेतला गेला आणि त्याचं उत्तर पात्रतेच्या नियमांत शोधता येणार नाही. पण अशा मोकळ्या झालेल्या जागा कोणाला जातील, हे मात्र नियमांत आधीच लिहिलेलं असू शकतं: चॅलेंजच्या यादीतला पुढचा, मग त्याच्या पुढचा.

शेवटच्या पात्र जागेसाठी बरोबरी झाली तर काय करायचं, हेही आधीच ठरलेलं असावं. एका रात्रीच्या स्पर्धेत, दोघे एकमेकांशी भिडले तेव्हा कोण पुढे होता, हे पाहता येतं, कारण प्रत्येक जोडी एकदा भिडलेली असतेच. दोन रात्रींत मात्र एकदा हा आणि एकदा तो पुढे असू शकतो. अशा वेळी पहिले क्रमांक किती, दुसरे किती अशी कागदावरची मोजदाद करू नये. दुसऱ्या रात्रीच्या विसाव्या हीटनंतर दोघांना पुन्हा टेपसमोर आणावं, गेट सोडतीने द्यावं, आणि चार फेऱ्यांत जो पुढे येईल त्याला जागा द्यावी.